ऋणनिर्देशातले नबीभाई

नबीभाईंचं नाव सहा शोधनिबंधांत छापलेलं आहे आणि त्यातला एकही निबंध त्यांना वाचता येत नाही. सगळे इंग्रजीत आहेत. नबीभाई जीपचे ड्रायव्हर. बीडला बसस्टँडच्या मागे त्यांची जीप उभी असते, आणि मे महिना लागला की लग्नाच्या वऱ्हाडांइतकीच गिऱ्हाइकी त्यांना संशोधकांची असते. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं तोवर गावी परतलेली असतात आणि मोठ्या शहरांतल्या कॉलेजच्या मुलींची प्रबंध संपवायची घाईही तेव्हाच सुरू होते. नबीभाई त्यांना सकाळी शिरूर कासारच्या बाजूला नेतात, डोक्याला ओलं फडकं बांधायला लावतात, दिवसभर सांभाळतात आणि दिवस मावळायच्या आत परत आणून सोडतात. मग वर्ष-दोन वर्षांनी कुठंतरी निबंध छापून येतो, आणि त्याच्या अगदी शेवटी मार्गदर्शक, आईवडील आणि लॅपटॉप देणारा मामा यांच्या मागोमाग नबीभाईंचे आभार मानलेले असतात.

हे आभार वाचून दाखवायचं काम त्यांच्या मुलीचं, शाईस्ताचं. निबंध मोबाइलवर आला की ती सरळ शेवटच्या पानावर जायची आणि ऋणनिर्देशाची ओळ मराठीत करून सांगायची. नबीभाई उभं राहून ऐकत. बसून ऐकणं त्यांना बरं वाटत नसे. एकीनं त्यांना 'या कामाचा कणा' म्हटलं होतं. कणा म्हणजे पाठीचा मणका, असं शाईस्तानं समजावल्यावर ते चकित झाले, कारण जीप चालवून चालवून त्यांचा मणका खरंच गेलेला होता आणि त्या मुलीला आपण तसं काही बोललो नव्हतो, हे त्यांना पक्कं आठवत होतं. वाचून झालं की ते म्हणत, "परत वाच." आत भाकऱ्या थापणारी चाँदबी, म्हणजे त्यांची बायको, बाहेर ऐकू जाईल असं म्हणे, "निकाहाच्या टायमाला काझीनं तीनदा विचारलं तं कंटाळलते. अन् हे चारदा ऐकायलेत."

पुढं शाईस्ताचं शिक्षण झालं आणि तिला नोकरी लागली तीही याच निबंधांत. डॉ. सत्यशीला मॅडम बीडमध्येच एका संस्थेत ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या आरोग्यावर झालेल्या सगळ्या संशोधनाचा आढावा घेत होत्या. आढावा म्हणजे नवीन कोणाला काही विचारायचं नाही. आजवर ज्यांनी विचारलं त्यांनी काय लिहून ठेवलं, तेवढं काढायचं आणि एका तक्त्यात बसवायचं. गाव कोणतं, बायका किती, त्या कशा निवडल्या, पाळीपायी तोडीचे खाडे पडू नयेत म्हणून गर्भपिशवी काढली तेव्हा त्यांचं सरासरी वय काय, आणि शेवटी शेरा. हा तक्ता दोघांनी वेगवेगळा भरायचा, एकमेकांना न विचारता, आणि मग ताडून पाहायचा. फरक पडला तर निकाल मॅडम देणार. दुसरा भरणारा होता तलवाड्याचा त्रिंबक. दोघांचं टेबल एक, पंखा एक, पण नियम म्हणजे नियम. त्रिंबक दहावीच्या पेपराला बसल्यासारखा मध्ये फाइल उभी करून बसायचा आणि शाईस्ता पाणी प्यायला उठली तरी स्क्रीनवर हात ठेवायचा.

चाळून चाळून बीड जिल्ह्यातले सहा अभ्यास हाती राहिले होते. शाईस्तानं ते उघडले आणि सवयीनं आधी शेवटचं पान पाहिलं. सहाच्या सहा ठिकाणी अब्बा होते. तिला इतका आनंद झाला की त्रिंबकला सांगावंसं वाटलं, पण अभ्यासांबद्दल आपसात बोलायचं नाही असा नियम होता, आणि तक्त्यात ऋणनिर्देशाचा रकानाही नव्हता. आपण आता ज्या आढाव्यात लेखिका होणार, त्यात अब्बांचे सहाही निबंध असणार. घरी गेल्यावर हे कसं सांगायचं, याची तिनं मनात जुळवणीसुद्धा केली. ती जुळवणी पुढं तिच्या काहीच कामी आली नाही.

अभ्यास वर्षांप्रमाणे लावल्यावर एक गोष्ट फार सुंदर दिसायला लागली. पिशवी काढतानाचं सरासरी वय पहिल्या अभ्यासात तेवीस होतं. दुसऱ्यात सव्वीस. मग अठ्ठावीस, एकोणतीस, तीस, आणि शेवटच्यात बत्तीस. शेवटच्या निबंधानं तर जागृतीच्या मोहिमांना यश येत असल्याचं ठणकावून लिहिलं होतं. सत्यशीला मॅडमनी त्या आकड्यांचा आलेख काढून घेतला. रेघ डावीकडून उजवीकडे नेटकी वर जात होती. येत्या महिन्यात अधिकाऱ्यांची एक बैठक होती आणि तिथं हा आलेख पडद्यावर दाखवायचा होता. बीडमधली एखादी रेघ सुधारतेय असं दाखवायची संधी कुणालाही वरचेवर येत नाही, आणि मॅडमनाही ती आली नव्हती.

"फक्त गावं वेगवेगळी आहेत ना, तेवढं पाहा," मॅडम म्हणाल्या. "त्याच बायका दोनदा मोजल्या गेल्या, तर आपली फजिती."

गावांची नावं निबंधांत नव्हती. बायकांची ओळख कळू नये म्हणून सगळ्यांनी 'एका कोरडवाहू तालुक्यातील गाव' एवढंच लिहिलं होतं. त्रिंबकनं त्या रकान्यात 'दिलेले नाही' असं सहा वेळा लिहिलं आणि तो चहाला गेला. शाईस्तानंही तेच लिहिलं. पण तिनं निबंध नीट वाचले होते. एकात मुलाखती चिंचेखाली झाल्या होत्या. दुसऱ्यात 'मोठ्या झाडाच्या सावलीत'. तिसरीनं लिहिलं होतं, 'मारुतीच्या देवळासमोरच्या पारावर, चिंचेखाली'. जिल्ह्यात चिंचा काही कमी नाहीत, मारुती तर मुळीच कमी नाहीत. तरी तिला अस्वस्थ वाटायला लागलं. बायका कशा निवडल्या या रकान्यात सगळ्यांनी 'सोयीनुसार' असं लिहिलं होतं. सोय कोणाची, हे कोणीच लिहिलं नव्हतं.

असं अडलं तर मूळ लेखकांना पत्र लिहून विचारायचं, अशी रीत आहे. दोनदा विचारून उत्तर आलं नाही, तर 'दिलेले नाही' लिहून पुढं जायचं. मॅडमच्या सांगण्यावरून शाईस्तानं संस्थेच्या ईमेलवरून सहा पत्रं पाठवली. उत्तरं उघडणारीही तीच. पहिलं उत्तर परदेशातून आलं. गावाचं नाव आता आठवत नाही, पण चहा अतिशय गोड होता. आमच्या ड्रायव्हरना नक्की माहीत असेल, फार सज्जन गृहस्थ, त्यांचा नंबर खाली देते आहे. दुसऱ्या उत्तरात लिहिलं होतं की गाव नबीभाईंनी निवडलं, बायकाही त्यांनीच गोळा केल्या, त्यांनाच विचारा, नंबर खाली आहे. तिसऱ्या आणि चौथ्यातही नंबर खालीच होता. तो नंबर शाईस्ताला पाठ होता. शाळेत नाव घातल्यापासून प्रत्येक फॉर्मवर तिनं तो लिहिला होता.

ही पत्रं तिच्याशिवाय कुणी पाहिलेली नव्हती. 'उत्तर आले नाही' एवढं लिहिलं की संपलं. तिचा आणि त्रिंबकचा तक्ता तंतोतंत जुळला असता, रेघ वर जात राहिली असती, आणि अब्बा होते तिथंच, शेवटच्या पानावर, आभारांत राहिले असते. उलट लिहायचं म्हटलं तर सहा निबंधांची चूक शोधत शोधत बोट जिथं जाऊन थांबणार होतं, तो माणूस आत्ता बसस्टँडमागे जीपची काच पुसत होता. तिनं काहीच लिहिलं नाही आणि घरी गेली.

"अब्बा, त्या सगळ्या मॅडमला तुमी कोणत्या गावाला नेलतं?"

"वस्तीवरच की. गीताबाईच्या."

"सगळ्यांना तिथंच?"

"मग?" नबीभाईंना प्रश्नच कळला नाही. "रस्ता चांगला हाय. सावली हाय. बाया बोलतेत. दुसऱ्या गावाला एकदा गेलतो, त्या लोकांनी पोरीला उन्हात उभं केलं अन् वरून विचारलं, तुमी कोण? पाहुण्याला घेऊन जायचं तं चांगल्या घरी नेतेत, का वाईट?"

पाहुणा आला की त्याला चांगल्या घरी नेणं, यापेक्षा वेगळं काही शाईस्तालाही घरात कुणी शिकवलंच नव्हतं. ती म्हणाली, "मलाबी न्या. मला बघायचंय."

रविवारी सकाळी नबीभाईंनी जीप धुऊन दारात आणली. शाईस्ता पुढं बसायला गेली तर त्यांनी मधलं दार उघडलं. संशोधक मधल्या सीटवर बसतात. आजवर कित्येक मॅडम त्यांनी तिथं बसवल्या होत्या, पण घरची मॅडम पहिल्यांदाच होती, आणि ते तिला पुढं बसू देईनात. शिरूर कासार येईपर्यंत ते आरशातून दोन-तीनदा तिच्याकडे बघून हसले. शाईस्ताला त्या हसण्याकडे बघवेना.

वस्तीवर चिंच होती, पार होता, मारुती होता. जीपचा आवाज ओळखून गीताबाई पदर सारखा करत पारावर येऊन बसली आणि तिच्या मागं आणखी पाचसहा बायका आपापल्या जागा ठरलेल्या असल्यासारख्या बसल्या. गीताबाई चाळिशीच्या अलीकडची असेल. अंगानं वाळलेली, पण आवाज खणखणीत.

"कोणता फॉर्म हाय, ताई?" तिनं विचारलं. "कंबरंचा का पिशवीचा?"

"पिशवीचा."

"लांब हाय मग तो. चहा आधी घेऊ."

नबीभाई जीपमध्ये घालायला पाणी आणतो म्हणून हापशाकडे गेले. शाईस्तानं सांगितलं की आपण फॉर्म भरायला आलो नाही, आपण नबीभाईंची मुलगी आहोत. एकदम सगळ्या बायका हसल्या आणि पुढं सरकल्या. एकीनं तिचा हात हातात घेऊन पाहिला. आधी सांगायचं की, म्हणाल्या, साखर जास्त टाकली असती. चहा आला तेव्हा तो आधीच पाकासारखा होता.

"काकू," शाईस्ता म्हणाली, "हितं इतक्या जणी येऊन गेल्या. तुमी प्रत्येकीला वेगळं वय कावून सांगितलं?"

गीताबाईनं कप खाली ठेवला. तिला राग आला नाही. कामात खोट काढली की कामसू माणसाला वाईट वाटतं, तसं तिला वाटलं.

"वेगळं न्हाई सांगितलं, वाढवून सांगितलं. सगळ्याजणी मिळून, एकसारखं. तवा पयली पोरगी आलती, लई गोरी, लई लहान. तिला जे व्हतं ते सांगितलं. ह्या वयात काढली, अशी काढली, आठव्या दिवशी कोयता हातात घेतला. तं ती रडायला लागली ना. थांबंचना. आमी आपलं तिलाच समजावायलाव. तुझ्या बापानं पानी आणलं, तिच्या डोक्यावर मारलं. जाताना मला बाजूला घेऊन म्हणला, गीताबाई, पोरी लहान हायत, घरापासून लांब येतेत, जरा जपून सांगत जा. मग दुसरीला दोन-तीन वर्सं वाढवून सांगितलं. तिचेबी डोळे भरले. मग तिसरीला अजून वाढवलं."

"अन् आता?"

"आता बत्तीसवर आणलंय. बत्तीसला कोणी रडत न्हाई."

बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. बत्तीसला खरंच कोणी रडत नव्हतं. उलट मागच्या मेमधली मुलगी हे ऐकून खूश झाली होती आणि सुधारणा आहे म्हणाली होती, असं एकीनं सांगितलं.

"खरं किती होतं, काकू?"

गीताबाईनं तिच्याकडे नीट पाहिलं. "तू रडणार न्हाईस ना?"

"न्हाई."

"तुझं वय काय?"

"तेवीस."

"हां," गीताबाई म्हणाली. "दोन पोरं झालती, अन् तुझ्याएवढी व्हते."

शाईस्ता रडली नाही. तिनं शब्द दिला होता. तिनं चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, आणि तो संपला तेव्हा गीताबाईनं न विचारता तिच्या कपात आपल्यातला अर्धा ओतला.

परतताना ती पुढं बसली. या वेळी नबीभाईंनी मधलं दार उघडलं नाही. तिचा चेहरा बघून त्यांना काहीतरी कळलं होतं. मग तिनं सगळं सांगितलं, पत्रं, नंबर, वर जाणारी रेघ, महिन्याभरानं होणारी बैठक. तिथं साहेबलोक म्हणतील, आता बरं चाललंय, म्हणजे आता काही करायची गरज नाही. नबीभाईंचे हात स्टेअरिंगवर होते आणि नजर रस्त्यावर.

"तू तवा शाळंत जात व्हतीस," ते म्हणाले. "ती पोरगी रडायली अन् मला तूच दिसली. म्हणलं, माझी पोरगी कुठं परक्या गावाला अशी बसून रडायली, तं मला कसं वाटंल? म्हणून बोललो. गीताबाईलाबी कोणाची तरी पोरगी समजायला पायजे होतं. ते माझ्या ध्यानातच आलं न्हाई."



सोमवारी तक्ते ताडून पाहिले. गावाच्या रकान्यात त्रिंबकचं 'दिलेले नाही' होतं आणि शाईस्ताचं 'सहाही अभ्यास एकाच गावात' असं होतं. त्रिंबकनं फाइल आडवी केली आणि पहिल्यांदाच तिच्या स्क्रीनकडे पाहिलं. "हे कुठून काढलं तू?" तो म्हणाला. "मी तं सगळं वाचलं होतं." निकाल मॅडमकडे गेला. शाईस्तानं चारही पत्रं त्यांच्यापुढं ठेवली, आणि तो ड्रायव्हर आपला बाप आहे, हेही सांगितलं.

मॅडमनी आलेखाकडे पाहिलं. मग त्यांनी तो बंद केला.

"बैठकीत काय दाखवणार मी आता?" त्या म्हणाल्या. "सहा अभ्यासांचं एक गाव झालं. तक्ता एका ओळीचा होईल." आणि थोड्या वेळानं, "पण लेखकांनी ड्रायव्हरना विचारा म्हटलं आणि तू विचारलंस. हे नियमात बसतं. लिही."

"अन् गीताबाईचं खरं वय?"

"ते नाही लिहिता येणार."

"खरं आहे ते, मॅडम."

"असेल. पण आपण बायकांना विचारत नाही, शाईस्ता. कुणी विचारलेलं असेल ते काढतो. तुला तिनं चहा पिताना सांगितलं. त्याला रकाना नाही." मॅडमना हे बोलताना बरं वाटत नव्हतं, हे दिसत होतं. "पुढच्या वर्षी रीतसर परवानगी काढू. दुसरी गावं घेऊ. नवीन प्रश्न विचारू." आणि त्यांनी विचारलं, "जीप कुणाची सांगायची?" यावर कुणी हसलं नाही.

मसुदा तयार व्हायला आठवडाभर लागला. तो पाठवायच्या आदल्या संध्याकाळी शाईस्तानं मोबाइल घेतला आणि अंगणात गेली. नबीभाई जीपखालून बाहेर आले, हात पुसले आणि नेहमीसारखे उभे राहिले. चाँदबी आत होती, पण तिनं काही टोमणा मारला नाही.

शाईस्तानं वाचलं. या आढाव्यात घेतलेले बीड जिल्ह्यातले सहाही अभ्यास एकाच गावात झाले. गावाची आणि स्त्रियांची निवड संशोधकांनी नव्हे, त्यांच्या जीपचालकाने केली. संशोधक मुलींना त्रास होऊ नये म्हणून त्याने स्त्रियांना जपून सांगण्याची विनंती केली होती. त्यामुळे या अभ्यासांतील वयं खरी धरता येत नाहीत, आणि परिस्थिती सुधारत असल्याचा निष्कर्षही काढता येत नाही. आढाव्याची एक लेखिका ही त्या चालकाची मुलगी आहे.

नबीभाई जमिनीकडे बघत होते.

"नाव कुठंय?" त्यांनी विचारलं.

"न्हाई टाकलं, अब्बा. गरज न्हाई. मॅडमबी म्हणल्या, चालक पुरे."

"आभाराला नाव व्हतं."

"ते वेगळं."

"वेगळं कसं?" नबीभाई म्हणाले. आवाज चढवला नव्हता. "सहा जागी नाव छापलं ते उभं राहून ऐकलं मी. अन् ह्याला नुसता चालक? दुसऱ्या कोणाचं वाटंल ते."

शाईस्ता तिथंच पायरीवर बसली आणि मोबाइलवर त्या ओळीत नाव घातलं. श्री. नबी, जीपचालक, बीड. अक्षरं नीट बसली आहेत का, ते दोनदा पाहिलं.

"टाकलं," ती म्हणाली.

"परत वाच."

तिनं पहिल्या ओळीपासून परत वाचायला सुरुवात केली. नबीभाई उभेच होते.